दोन फूट चार इंच

मोजणी रविवारी ठेवली, कारण रविवारी भट्टी बंद असायची आणि आठवड्यातून तेवढ्या एकाच दिवशी बेकरीत एकाचं बोलणं दुसऱ्याला धड ऐकू जायचं. सकाळी आठालाच सगळे जमले. थोरला इस्त्रीच्या शर्टात, काखेत खरेदीखताची फाईल. धाकट्याच्या अंगावर पिठाचा कण नव्हता, त्यामुळे तो परक्याच्या घरी आल्यासारखा अवघडून उभा होता. दोघांची मोठी बहीण अक्का पहिल्या गाडीने आली होती. शाळेतून निवृत्त होऊन तिला तीन वर्षं झाली होती, पण तिचा आवाज अजून नोकरीत होता. वहिनीने सगळ्यांना चहा दिला, आपला कप फडताळावर विसरली आणि मागच्या दारात जाऊन उभी राहिली.

ती थोरल्याची बायको. धाकट्याने मारलेली ‘वहिनी’ ही हाक आधी कामगारांनी उचलली, मग गिऱ्हाइकांनी, आणि तीस वर्षांत ती सगळ्या गल्लीची वहिनी होऊन बसली. भट्टी धाकटा सांभाळायचा, हाताखाली पाच माणसं होती. बाहेरची धावपळ थोरल्याकडे आणि गल्ल्यावर वहिनी.

हे मोजणीचं प्रकरण उकरून काढलं होतं तेही तिनेच.

त्याचं असं झालं. बेकरी कोपऱ्यावरची. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला शेजारच्या काकांचं घर, आणि दोन्ही घरांत मिळून एकच भिंत. ही भिंत भट्टीच्या पाठीमागून सरळ जायची आणि भट्टी संपली की एकदम बेकरीच्या बाजूला वळून, तशीच मागच्या अंगणाच्या कडेने पुढे जायची. अंगणातला तिचा तुकडा कलला होता. तो पाडून नवा बांधायचं ठरलं तेव्हा धाकटा सहज बोलून गेला की अंगण आणखी दोन फूट रुंद असतं तर विजेवरची दुसरी छोटी भट्टी बसली असती. वहिनीने शिवणाच्या डब्यातली फीत काढली आणि अंगण मोजलं. बत्तीस फूट भरलं. खरेदीखत उघडलं, तर त्यात स्वच्छ अक्षरांत चौतीस. मग दोन फूट गेले कुठे? भिंतीकडे बघितलं की उत्तर समोर होतं. भट्टीपर्यंत सरळ येणारी भिंत अंगणात आपल्या अंगावर येते, म्हणजे कधीतरी कुणीतरी ती सरकवलेली आहे. आणि ते कुणीतरी म्हणजे भिंतीपलीकडचाच माणूस.

पलीकडे काका एकटेच राहायचे. ते पुस्तकं बांधायचे. ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं, शाळांचे हजेरीपट, कचेऱ्यांच्या जाडजूड वह्या त्यांच्याकडे यायच्या आणि धडधाकट होऊन जायच्या. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, मुलगी दुसऱ्या गावी. रोज साडेसातला ते बेकरीच्या रांगेत उभे राहायचे, एक पाव घ्यायचे, सुट्टे पैसे आधीच मोजून आणलेले असायचे. बोलणं जेमतेम.

चार महिन्यांपूर्वीच्या त्या सकाळी वहिनीने खरं तर चांगल्या तोंडाने विचारायचं ठरवलं होतं. मागच्या भिंतीचं एकदा बघायला हवं, असं ती म्हणाली. काका म्हणाले, बघू की, निवांत बघू. त्या ‘निवांत’ने तिचं डोकं फिरलं. सकाळपासून दोन कामगार आले नव्हते, पावाचा एक घाणा करपला होता, आणि हा माणूस आमच्या जागेवर बसून आम्हालाच निवांत म्हणतो. रांगेत सहा-सात माणसं उभी होती. त्यांच्यादेखत ती म्हणाली, “आमचे दोन फूट दाबून बसलात, तुम्हाला निवांतच वाटणार.”

काकांनी पाव पिशवीत ठेवला, पिशवीची गाठ मारली. “मोजून घ्या, सूनबाई,” ते म्हणाले. “मोजलेलं बरं असतं.” आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते पाव न्यायला आले नाहीत. थोरल्याने मोजणीचा अर्ज टाकला. धाकट्याचं म्हणणं होतं की शेजाऱ्याशी वाकडं घेऊ नये, पण त्याचं म्हणणं भट्टीच्या तोंडापुढेच विरून जायचं. अक्काने फोनवर भावाला सांगितलं की हक्काच्या गोष्टीत भिडस्तपणा नको. असे चार महिने गेले.

मोजणीदार म्हणून एक बाई आल्या. बुटक्या, उन्हाने रापलेल्या, डोक्यावर रुंद टोपी, खांद्यावर तिपाई. थोरल्याने फाईल उघडून भिंतीची कहाणी सुरू केली तर त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, “मला कुणाची बाजू सांगू नका. हद्दीचे दगड दाखवा.”

हद्दीचे दगड असतात हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. बाईंनी कचेरीतून आणलेला जुना नकाशा पसरला आणि त्यावरून स्वतःच शोधले. पुढचा सापडला काकांच्या पायरीखाली, अर्धा मातीत. मागचा पाण्याच्या टाकीजवळ, शेवाळलेला. वहिनी इतकी वर्षं त्यावर बादली टेकवत आली होती. काकांना रीतसर कळवलेलं होतं. त्यांनी आपलं दार उघडं ठेवलं, आतल्या खोलीत बाईंना यंत्र मांडू दिलं आणि खिडकीशी बसून शिवण घालत राहिले. जाता-येता वहिनीला त्यांची पाठ दिसली. त्यांनी मान वळवली नाही.

दुपार झाली. बाईंनी दोन्हीकडून मापं घेतली, वहीत आकडे लिहिले, खोडले, पुन्हा मापं घेतली. शेवटी त्या बेकरीच्या आत आल्या आणि फितीचं टोक धरायला कुणीतरी या म्हणाल्या. वहिनी पुढे झाली. भट्टीच्या बाजूला, सामाईक भिंतीला टोक लावून ती उभी राहिली. बाई फीत सोडत मागे आल्या, खाली वाकल्या आणि भट्टीच्या विटांवर लाल खडूने उभी रेघ ओढली.

“हद्द इथून जाते,” त्या म्हणाल्या.

वहिनीला आधी वाटलं, बाई चुकून भट्टीवर लिहितायत. “इथून कशी जाईल? ही आमची भट्टी आहे.”

“भट्टी तुमची आहे,” बाई म्हणाल्या. “तिच्याखालची ही पट्टी त्यांची. दोन फूट चार इंच.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. अंगणातली भिंत बरोबर हद्दीवर होती, एक बोटही इकडे-तिकडे नाही. भिंत वळली होती खरी, पण आत नव्हे, बाहेर. भट्टीपुरती ती काकांच्या जागेत शिरली होती. आणि अंगणातले दोन फूट? ते रस्त्याने घेतले. रस्ता रुंद केला तेव्हा कोपऱ्यावरच्या सगळ्यांचे गेले, जुन्या खरेदीखतात त्याची नोंद नव्हती एवढंच. हे ऐकून अक्का एकदम म्हणाली की त्या बाजूला पायऱ्या होत्या, आपण त्यावर बसून पाढे म्हणायचो, आणि एक दिवस त्या तोडून नेल्या. तिला तेव्हा फक्त पायऱ्यांचं वाईट वाटलं होतं.

बाईंनी सामान आवरलं. नकाशा आठ दिवसांत अर्जदाराला मिळेल म्हणाल्या. शेजाऱ्यांना प्रत हवी असेल तर त्यांनी कचेरीत मागायची. मग त्यांनी चहा घेतला, बिस्किटं चांगली आहेत म्हणाल्या आणि गेल्या.

या घरातले महत्त्वाचे निर्णय पिठाच्या कोठीत व्हायचे. मामंजींच्या, म्हणजे वहिनीच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनची ती रीत. सगळे पोत्यांवर बसले. वहिनीच्या पायाखालची जमीन अक्षरशः दोन फूट चार इंच सरकली होती आणि तिला कुणाकडे बघवत नव्हतं.

सुरुवात थोरल्याने केली. अर्ज आपण केला, नकाशा आपला, तो फाईलमध्ये जाईल. भिंतीचा विषय आपण सोडून दिला असं काकांना कळवायचं. त्यांचं तरी काय बिघडलं, इतकी वर्षं त्यांना पत्ताच नव्हता. हे सगळं तो पोत्याच्या शिवणीकडे बघत बोलला. अक्काचा आवाज चढला. दुसऱ्याच्या जागेवर आपण बसलोय हे कळल्यावर गप्प बसणं म्हणजे काय, असं तिने सुरू केलं आणि सगळ्यांना वाटलं आता तासभर चालणार. पण मध्येच ती थांबली आणि धाकट्याला विचारलं, “दुसरी भट्टी बांधायला किती दिवस लागतात रे?”

“पाच महिने,” धाकटा म्हणाला. “बांधून होईल महिन्यात, पण वाळायला वेळ द्यावा लागतो. घाई केली की घुमट तडकतो. आणि बांधणार कुठे? अंगणात मावत नाही. पाच माणसं पाच महिने काय करणार?”

अक्काने बोटांवर पाच महिने मोजले आणि हात मांडीवर टाकला. तिच्या वर्गात असं कधी झालं नसावं.

“दादा म्हणतो ते बरोबर आहे,” धाकटा पुढे म्हणाला. “नकाशा ठेवून द्या.”

याचं वहिनीला सगळ्यांत नवल वाटलं. मोजणी नको म्हणणारा घरात हा एकटाच होता. रांगेतल्या म्हाताऱ्यांसाठी मऊ पाव बाजूला काढून ठेवणारा माणूस हा. पण भट्टीवर आलं तेव्हा त्याचंही मन आखडलं. तिला त्याचा राग आला नाही. तिला फक्त ती रांग आठवली, आणि पिशवीला गाठ मारणारी बोटं.

“मी जाऊन सांगून येते,” ती म्हणाली.

थोरल्याने विचारलं, काय सांगणार. तिने सांगितलं, जे निघालं ते. थोरला म्हणाला की त्यांनी भट्टी हलवा म्हटलं तर काय, याचा विचार केलास का. केला, ती म्हणाली. “पण मी त्यांना चारचौघांत चोर म्हटलंय. उद्यापासून गल्ल्यावर मला बसायचंय, तुम्हाला नाही. भट्टीवर ती लाल रेघ आहे आणि ती मला रोज दिसणार.”

“रेघ पुसता येते,” धाकटा म्हणाला. मग तो उठून उभा राहिला. “वहिनी, सुरू तुम्हीच केलंत. आता भट्टीही तुम्हीच घालवणार.”

ती या घरात आली तेव्हा हा बावीस वर्षांचा, नुकताच भट्टीवर उभा राहिलेला. पहिल्या वर्षी त्याचे हात भाजायचे, मलम ती लावायची. तीस वर्षांत त्याने तिला वाकडा शब्द बोललेला नव्हता. आजचा होता, आणि खोटाही नव्हता. तिने तो गिळला.

मग थोरल्याने फाईल मिटली. “जाऊ दे तिला,” तो म्हणाला. त्याला स्वतःलाच हे बोलताना जड गेलं असावं, कारण लगेच तो उठून पिठाची पोती उगाच मोजू लागला.

काकांचं दार उघडंच होतं. इतक्या वर्षांत वहिनी त्यांच्या पुढच्या खोलीपलीकडे कधी गेली नव्हती. आतली खोली लांबट होती. एका भिंतीशी पुठ्ठे आणि कापडाचे गठ्ठे, मध्ये लोखंडी दाबयंत्र, खिडकीशी टेबल, त्यावर आरी, दोरा, खळीचा डबा. आणि सामाईक भिंतीला लागून वरपासून खालपर्यंत फळ्या, त्यांवर नुकती चिकटवलेली पुस्तकं ओळीने वाळत ठेवलेली. खोलीत ऊब होती. थंडीचे दिवस असून काका नुसत्या बंडीवर बसले होते.

बसा म्हणण्याआधीच ती बोलली. उभ्यानेच. वाटेत चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

“काका, हद्द आमच्या भट्टीतून जाते. दोन फूट चार इंच जागा तुमची आहे. तुम्ही आमचं काही घेतलेलं नाही, आम्हीच तुमच्यात आहोत. मी रांगेत बोलले ते सगळं उलटं होतं.”

काकांनी सुई पुठ्ठ्यात टोचून ठेवली. “दोन फूट चार इंच,” ते म्हणाले. “मी अडीच समजत होतो.”

तिला क्षणभर अर्थच लागला नाही. मग लागला, आणि ती जवळच्या स्टुलावर बसली.

काकांनी सांगितलं ते असं. भट्टी बांधली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. बावन्न वर्षं झाली. गवंड्याने जुन्या तात्पुरत्या कुंपणाला हद्द समजून पाया खणला. विटांचे आठ थर चढल्यावर मामंजींना पायरीखालचा दगड दिसला. त्याच दुपारी ते याच खोलीत आले. तोंड उतरलेलं, हातात घण. काकांच्या वडिलांना म्हणाले, माझ्या हातून चूक झाली, संध्याकाळपर्यंत तोडून टाकतो. ही खोली त्या वेळी ओलीने अशी भरलेली असायची की खळीला दोन दिवसांत बुरशी यायची. ग्रंथालयाची पुस्तकं फुगायची, दोन ठिकाणचं काम हातचं गेलं होतं. काकांच्या वडिलांनी घणाकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, तिथे भट्टी आली म्हणजे ही भिंत गरम राहणार का? राहणार, मामंजी म्हणाले. मग तोडू नका, वडील म्हणाले.

“एका हिवाळ्यात खोली कोरडी झाली,” काका म्हणाले. “गेलेली कामं परत आली. तुझे सासरे माझ्या वडिलांचे उपकार मानायचे आणि माझे वडील त्यांचे. कुणी कुणाचे मानायचे हे दोघांचं शेवटपर्यंत ठरलं नाही.”

ते ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आले होते. वहिनीच्या ते लक्षात आलं.

मामंजींनी मुलांना का सांगितलं नाही, असं तिने विचारलं. काका म्हणाले, सांगायचं राहून गेलं असेल. एके दिवशी दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत, ते कधी सांगणार होते?

“आणि तुम्ही? त्या दिवशी रांगेत तुम्ही का नाही सांगितलंत?”

काकांनी चष्मा काढून बंडीच्या टोकाला पुसला. “सात माणसं उभी होती. मी तोंड उघडलं असतं तर तू त्यांच्यासमोर तोंडघशी पडली असतीस. त्यांतली निम्मी तुझी उधारीतली. मला वाटलं, मोजणारा कुणी परका येईल, त्याच्या तोंडून घरातल्या घरात कळेल.”

वहिनीने पदर तोंडाला लावला.

“साधुपणा समजू नकोस,” काका घाईने म्हणाले. “राग आला होता. मुलीला फोन करून म्हटलं, वकील बघ, भट्टी पाडायला लावतो. ती म्हणाली बघते, आणि बघितला नाही. आईसारखी आहे. चार महिने दुकानातला पिशवीतला पाव खातोय, रबर बरा. मग एक दिवस इथे हात लावला,” त्यांनी मागच्या भिंतीवर तळहात टेकला, “आणि म्हटलं, ही गार पडली तर मी काय करणार आहे?”

दाराशी हालचाल झाली. धाकटा उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याच्या मागे थोरला, आणि थोरल्याच्या खांद्यावरून अक्काचा चष्मा. काकांनी सगळ्यांना आत बोलावलं. धाकटा सरळ भिंतीपाशी गेला आणि पुस्तकांच्या मधल्या मोकळ्या जागेवर त्याने हात ठेवला. भट्टी शनिवारी रात्री विझवलेली, पण भिंत अजून कोमट होती. आयुष्यभर तिच्या तोंडापुढे उभा राहिलेला माणूस, तिची पाठ तो पहिल्यांदा बघत होता.

“चार वाजता पेटवतोस,” काका त्याला म्हणाले. “सहाला इथे कळतं. दोन वर्षांपूर्वी तीन दिवस तू आजारी होतास ना? कामगाराने फार तापवली होती. माझे दोन पुठ्ठे वाकडे झाले. तुझा हात आहे की दुसऱ्याचा, हे मला इकडून समजतं.”

धाकट्याने मान हलवली. त्याचा हात भिंतीवरच होता. मग तो वहिनीकडे वळला आणि म्हणाला की कोठीत आपण बोललो ते विसरून जा. ती म्हणाली, विसरण्यासारखं नव्हतं, खरं होतं. “पण आता झालं ते झालं. काकांकडे चहा कुठे करतात ते बघा.”

थोरल्याने तेवढ्यात हात जोडल्यासारखं काहीतरी केलं, काही बोलायला गेला आणि त्याला शब्द सापडेनात. आयुष्यात त्याने कचेऱ्यांत खूप बोलणी केली होती, पण आभार मानायची वेळ क्वचित आली होती. काकांनी त्याला फळीवरचं एक पुस्तक उतरवायला सांगितलं, मग दुसरं, म्हणजे हातांना काम मिळालं आणि त्याची सुटका झाली.

काकांचं म्हणणं होतं की चाललंय तसं चालू दे, पुन्हा विषय नको. पण वहिनी तयार नव्हती. तोंडी शब्दावर बावन्न वर्षं निभावलं, पण ते ठाऊक नसलेली मी या घरात आले आणि सगळं उधळायला निघाले, ती म्हणाली. उद्या तुमच्या मुलीच्या घरात कुणी येईल, आमच्यात कुणी येईल. कागद हवा. जागा काकांची, हे त्यात पहिल्या ओळीत. भट्टी पेटती आहे तोवर ती तिथे राहील आणि जागा मात्र आमची म्हणवणार नाही, हे दुसऱ्या ओळीत. अंगणातली भिंत आम्ही आमच्या खर्चाने बांधून देऊ, आहे त्याच जागी. अक्का म्हणाली मसुदा मी लिहिते, आणि लिहिला, आणि त्यात विरामचिन्हं इतकी अचूक घातली की थोरल्याने दाखवला तेव्हा वकिलाला म्हणे त्यातलं एक वाक्यही बदलावं लागलं नाही.

सोमवारी सकाळी रांग लागली तेव्हा वहिनीने पाव देण्याआधी सांगून टाकलं. मागे मी शेजारच्या काकांना बोलले ते साफ चुकीचं होतं. मोजणी झाली. जागा त्यांनी आमची घेतलेली नाही, आम्ही त्यांची वापरतोय, आणि त्यांनी ती बावन्न वर्षं वापरू दिली. एवढं बोलेपर्यंत तिचे कान तापले होते. रांगेतला पहिला गृहस्थ म्हणाला, बरं झालं वहिनी, पण मला दोन पाव द्या, बस जाईल. तिसऱ्या नंबरवरच्या बाई मात्र तिच्याकडे बघून हसल्या आणि सुट्टे पैसे परत घ्यायला विसरून गेल्या. त्यांना हाक मारून परत बोलवावं लागलं.

नकाशा आला तेव्हा सह्या करायला सगळे काकांच्या त्याच खोलीत बसले. भट्टी चालू होती आणि भिंतीवरून ऊब येत होती. मोजणीदार बाईही आल्या. नकाशावर त्यांची सही लागायची होती, पण त्या मुख्यतः बिस्किटांसाठी आल्या आहेत हे लपवायची त्यांनी तसदी घेतली नाही. काकांच्या मुलीने मजकूर फोनवर ऐकून घेतला होता आणि आपली सही टपालाने पाठवते म्हणाली होती. काकांनी सही केली. थोरल्याने केली, धाकट्याने केली, अक्कानेही केली. साक्षीदाराची जागा उरली. थोरला म्हणाला, कचेरीतल्या एका ओळखीच्या माणसाला उद्या घेऊन येतो, त्याची सही वजनाची आहे.

“नको,” काका म्हणाले. “सूनबाईची घ्या.”

घरच्या माणसाची साक्ष चालत नाही, असं थोरला म्हणाला. बाईंनी तोंडातलं बिस्कीट संपवलं आणि सांगितलं, मालक हे दोघे भाऊ आणि बहीण, ह्यांचं नाव जागेवर नाही, चालते.

“भिंत कुणी सरकवली नाही, हे सगळ्यांत जास्त हिला पटलेलं नव्हतं,” काका म्हणाले. “आता हिला पटलंय. हिच्याहून पक्की साक्ष कुणाची आणणार तुम्ही?”

थोरल्याने कागद बायकोपुढे सरकवला, आणि पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं. वहिनीने इतकी वर्षं पावत्यांवर आद्याक्षरं ठोकली होती, पण घराच्या कागदावर तिची सही कधी लागली नव्हती. तिने तळहात साडीला पुसला. मजकूर पुन्हा एकदा वाचला, पहिली ओळ, दुसरी ओळ, अक्काचे स्वल्पविराम. सगळे थांबून राहिले. कुणी घाई केली नाही. मग तिने डाव्या हाताने कागद घट्ट धरला आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली.